नानांच्या चौकटीत कोणाचे नाव?



वेळापूरच्या आमच्या मक्तबमध्ये असरच्या नमाजनंतर एक भगिनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात परिसर अभ्यासाची वही होती. शाळेने वंशवृक्ष काढून आणावयास सांगितले होते. दादा-दादींच्या चौकटी भरलेल्या होत्या, नाना-नानींच्या रिकाम्या. मुलीला अंगणात खेळावयास पाठवून त्या म्हणाल्या, “मौलाना, मला ज्यांनी वाढवले त्यांनी मला जन्म दिलेला नाही, हे मला निकाहच्या आदल्या रात्री कळले. इथे अब्बांचे नाव लिहिले तर ते खोटे ठरेल का? आणि नाही लिहिले तर मुलीला काय सांगू?”

त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. त्यांचे आणखी एक वाक्य मात्र जसेच्या तसे सांगतो. मुलगी जन्मली तेव्हा त्या बराच वेळ तिचे कान पाहत राहिल्या होत्या. स्वतःसारखे दिसणारे माणूस त्या आयुष्यात प्रथमच पाहत होत्या.

दत्तक गेलेली मुलगी स्वतः आई होते तेव्हा हा प्रश्न जागा होतो, आणि तो केवळ आपल्या तालुक्यातला नाही. कोरियातील युद्धानंतरच्या दशकांत तेथून सुमारे दोन लाख मुले परदेशी दत्तक गेली. आईवडील हयात असलेल्या कित्येक मुलांची नोंद ‘अनाथ’ अशी केली गेली होती, हे तेथील सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मान्य केले. आपल्या पुण्या-मुंबईहूनही मुले युरोप-अमेरिकेत गेली. १९७९ साली पुण्यात जन्मलेली, ‘श्रीवत्स’ संस्थेतून दत्तक गेलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. प्रेम आणि संधी मिळूनही ‘मी कोणाची?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात उरतो. त्याला कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे आहे.

आता शरीअतकडे वळू. सूरह अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतींत अल्लाहने स्पष्ट केले आहे की तोंडाने पुत्र म्हटल्याने कोणी पुत्र होत नाही. मुलांना त्यांच्या खऱ्या पित्यांच्या नावाने हाक मारावी, आणि पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू व स्नेही आहेत. आपल्याकडे काही जण एवढेच वाचून थांबतात आणि ‘इस्लाममध्ये दत्तक हराम’ असे सांगून अनाथ मुलाच्या तोंडावर दार लावतात. हराम आहे ते नसब बदलणे. अनाथाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्या किती निकट असेल, हे प्रेषितांनी (स.) दोन बोटे उंचावून दाखवले होते. शेजारच्या पंढरपुरात नवरंगे बालकाश्रम १९ व्या शतकापासून अशी मुले सांभाळत आला आहे. आपल्या किती घरांनी असे एक मूल उचलून घेतले, हे आपणच मोजावे.

त्याच पाचव्या आयतीचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. अजाणता जे घडले त्याचा दोष नाही, अंतःकरणाने हेतुपुरस्सर जे केले त्याचा आहे. त्या भगिनी अठ्ठावीस वर्षे स्वतःला ज्यांची लेक म्हणवत होत्या, त्याचे तिळमात्र पाप त्यांच्यावर नाही. जाणूनबुजून परक्याला पिता म्हणणाऱ्याविषयी हदीसमध्ये जो कठोर इशारा आहे, त्यातही ‘जाणून’ ही अट आहे. मग जबाबदारी कोणावर येते? जे जाणत होते आणि निकाहच्या आदल्या रात्रीपर्यंत बोलले नाहीत त्यांच्यावर. मायेपोटी ते गप्प राहिले, हे मी समजू शकतो. परंतु आपले मूळ जाणणे ही त्या मुलीची अमानत होती, आणि अमानत परत करण्यास धन्याने मागण्याची वाट पाहावयाची नसते.

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) लहानपणी पळवले गेले, उकाजच्या बाजारात विकले गेले आणि अखेर प्रेषितांच्या (स.) घरी आले. पिता शोधत मक्केत पोहोचला, तेव्हा निवड जैद यांच्यावर सोपवण्यात आली आणि त्यांनी प्रेषितांजवळ (स.) राहणे पसंत केले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. आयत उतरली आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव परत गेले म्हणून मांडी परत गेली का? प्रेषित (स.) जैद यांचे पुत्र उसामा यांना एका मांडीवर आणि आपले नातू हसन यांना दुसऱ्या मांडीवर बसवीत आणि दोघांसाठी दुआ करीत, असे बुखारीत आहे. एक रक्ताचा नातू, दुसरा नव्हे. मांड्या मात्र एकाच माणसाच्या.

ज्यांचा पिता ठाऊक नव्हता, त्या हजरत सालिम (रजि.) यांना लोक ‘अबू हुजैफांचे मौला’ म्हणत. ते मूळचे इराणचे. तरीही ज्या चौघांकडून कुरआन शिकावे असे प्रेषितांनी (स.) सांगितले, त्यांत ते होते. म्हणून त्या भगिनींना मी म्हटले, “आपा, तुमच्या घरची दखनी, ईदचा शीरखुर्मा, अम्मीने शिकवलेल्या दुआ उसन्या नाहीत. नसब रक्ताने येते, तर्बियत हाताने. दुसरी तुमची आहेच, ती मुलीला निःशंक द्या.”

व्यवहाराचेही थोडे सांगतो. २०१४ च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेणे कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुले आहे, सक्ती मात्र नाही. त्या कागदावर पालकच पिता ठरतो. यावर आलिमांत मतभेद आहेत. माझ्या मते कागद सरकारच्या सोयीचा असो, घरातली जीभ खरी असावी. वारशात अशा मुलाचा हिस्सा नसतो, म्हणून हयातीत हिबा करावा किंवा एक-तृतीयांशापर्यंत वसीयत लिहून ठेवावी. दोन वर्षांच्या आत मुलाला दूध पाजता आले तर महरमचा प्रश्नही सुटतो. आपल्या हनफी मतात अल्प दूधही पुरे, कोकणातील शाफिई बांधवांकडे पाच वेळांची अट आहे.

मुलीला आम्ही आत बोलावले. आईने तिला सगळे सांगितले, माझ्यासमोरच. ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारले, “म्हणजे नाना माझे नाना नाहीत?” आई म्हणाली, “मला वाढवणारे तेच. जन्म देणारे कोण, ते मलाही ठाऊक नाही.”

मुलीने पेन्सिल घेतली. वरची चौकट तिने रिकामीच ठेवली. तिच्या शेजारी दुसरी, थोडी मोठी चौकट काढली, तीत नानांचे नाव लिहिले आणि खाली ‘आईला वाढवणारे’ असे जोडले. मग वही माझ्यापुढे धरून म्हणाली, “मौलाना, ‘वाढवणारे’मधला ढ बरोबर आहे ना?”