तिनं नको म्हटल्यावर

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली. किशोरवयातल्या प्रेमावरच्या मराठी कादंबरीची चर्चा आजही तिच्यापासूनच सुरू होते, आणि ते योग्यच आहे. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुलं इतक्या जिवंतपणे क्वचितच कुणी उभी केली असतील. पण त्या प्रेमाचा शेवट होतो तो नायिका शिरोडकर गाव सोडून जाते म्हणून. शिवाय सगळी हकीकत नायक मुकुंदच सांगतो, त्यामुळे तिच्या मनात काय होतं ते आपल्याला त्याच्या नजरेतूनच समजतं. पडद्यावरही हेच. ‘फँड्री’त जात आडवी येते, ‘टाइमपास’मध्ये घरचे. कोवळं प्रेम तोडणारा आपल्याकडे नेहमी बाहेरचा असतो. दोघांपैकी एकाचं मन उडालं, म्हणून संपलं, एवढ्यावर उभी असलेली कादंबरी आपण मुलांच्या हाती जवळपास दिलेलीच नाही.

‘सैराट’ (2016) हा चित्रपट या वळणापर्यंत पोचला होता. घरातून पळून हैदराबादेत आल्यावर परशा आर्चीवर संशय घेतो, हात उगारतो आणि ती निघून जाते. पण ती परत येते, आणि पुढे दोघांना मारतात ते तिच्या माहेरचे. जातीचं वास्तव इतकं भयंकर असताना मन उडण्याच्या गोष्टी हे शहरी सुखवस्तूंचे चोचले, असा आक्षेप इथे येणारच. तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तरीही ती निघून गेल्यावर परशाला काय सुचतं, ते आठवावं: गळफास. नकारानंतर जगायचं कसं, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं. तो न पचल्यानं काय होतं तेही आपण पाहिलं आहे: 1990 मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आलं. 2020 मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवण्यात आलं. कादंबरी वाचून ते मारेकरी थांबले असते असा दावा कुणीच करणार नाही. पण वर्तमानपत्रांनी अशा वेळी अनेकदा ‘एकतर्फी प्रेम’ छापलं आणि गुन्ह्याला प्रेमाच्याच खात्यात टाकलं, हे आपल्या कल्पनाशक्तीचं दारिद्र्य आहे. ते साहित्यालाच भरून काढावं लागेल.

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरूडसारख्या गावात नकाराचा हा प्रश्न मुलीसाठी जास्त टोकदार होतो. दहावी झाली की इथली मुलं-मुली अकरावी-बारावीसाठी, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी लातूर गाठतात. जुळलेलं मन मुलीला घरी सांगता येत नाही, तसंच तुटलेलंही. तुटल्यावर मुलगा मागे लागला तर त्याची तक्रार करणं म्हणजे आधीचं सगळं कबूल करणं, आणि त्याची शिक्षा बहुतेकदा तिलाच होते: शिकवणी बंद, एसटीचा पास बंद, स्थळं बघायला सुरुवात. म्हणजे जाच सोसत गप्प बसणं हाच तिला शिक्षण टिकवण्याचा मार्ग उरतो. “मार्कांच्या वयात असली पुस्तकं कशाला?” असं विचारणाऱ्या पालकांची काळजी खोटी नाही, पण हे सगळं पुस्तकाआधीच घडतं आहे. पुस्तक आलं तर निदान कुणी मोठं माणूस त्यावर बोलू शकेल.

अमेरिकेत डॅनियल हँडलर यांची ‘व्हाय वी ब्रोक अप’ 2011 मध्ये आली. मायरा कालमन यांची चित्रं असलेल्या त्या कादंबरीत मिन नावाची मुलगी एडला त्यांच्या प्रेमातल्या वस्तूंचं खोकं परत करते आणि प्रत्येक वस्तूबरोबर का संपलं ते लिहून सांगते. सांगणारी तीच, हे फार मोलाचं. मात्र एडनं तिला फसवलेलं असल्यानं वाचक आपोआप तिच्या बाजूचा होतो. मराठी कादंबरीनं याहून अवघड वाट धरावी. तिच्यातला मुलगा चांगला असावा, जातीचा अडसर नसावा, घरी कुणाला पत्ता नसावा, आणि तरी मुलीला ते नको व्हावं. तिला कारण नीट सांगताही येऊ नये. कारण भक्कम असलं की वाचक तिचा नकार तपासून मंजूर करतो, आणि तिला कुणाच्या मंजुरीची गरज नाही, हे शब्दांत न सांगता दाखवणं हीच त्या कादंबरीची खरी कसोटी असेल.