वाऱ्याचे अदृष्ट

वैशेषिक दर्शनानुसार वायूला रूप नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. खुणांवरून त्याचे अनुमान करावे लागते. प्रशस्तपादांच्या भाष्यात या खुणा चार सांगितल्या आहेत: स्पर्श, शब्द, हलक्या वस्तू अधांतरी धरणे आणि कंप. मे महिन्याच्या दुपारी विदर्भातल्या राजुऱ्याकडच्या सागवनात या चारही एकाच वावटळीत भेटतात. अंगाला झळ लागते, पाचोळा सळसळतो, डहाळ्या थरथरतात आणि वाळके पान गिरक्या घेत शेंड्यापर्यंत चढून क्षणभर तिथेच तरंगते.

वारा आहे, हे असे कळते. तो आडवा का वाहतो, हा पुढचा प्रश्न. वैशेषिक दर्शनाचे प्रणेते कणाद यांच्या सूत्रांत ज्वाळेचे वर जाणे आणि वाऱ्याचे आडवे वाहणे ही ‘अदृष्टा’ची कार्ये ठरवली आहेत. अदृष्ट म्हणजे न दिसणारे कारण. पुढे या शब्दाला जिवांच्या पाप-पुण्याचा अर्थ पक्का चिकटला.

वाऱ्याचे न दिसणारे कारण मात्र मोजता येते. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या पुई द डोम या डोंगरावर नेली गेली. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा खाली उतरला. हवेला वजन आहे आणि उंचीबरोबर तिचा दाब घटतो, हे मापात आले. दोन ठिकाणच्या दाबांत फरक पडला की हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. आडव्या वाहण्याचे कारण हेच. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते.

राजुऱ्याचा पाऊसही याच फरकावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा हलकी होते, दाब उतरतो आणि मोसमी वारे समुद्रावरचे बाष्प घेऊन आत येतात. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भात आली की वर चढणारी हवा थंडावते, ढग दाटतात, झड लागते. वर्धा नदीला पूर येतो आणि कधी कधी पुलावरून पाणी जाऊन बल्लारपूरचा रस्ता बंद पडतो. क्षेत्र दुरून गेले, तर कपाशी माना टाकते.

पावसाची उघडीप पापाचे फळ मानली, तर ज्याचे पीक वाळले त्याच्याच माथी दोष येतो. दाबाचा फरक कोणाचे पाप-पुण्य पाहत नाही. वायूला देव मानण्यास यामुळे बाधा येत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शांतिपाठात त्याला प्रत्यक्ष ब्रह्म म्हटले आहे. बाद होतो तो फक्त शेतकऱ्यावरचा आरोप. कणादांची रीत मात्र टिकून आहे: पाऱ्याची उंची ही खूण, आणि दाब हे तिच्यावरून केलेले अनुमान.