भातखाचरातले सामाजिक मानसशास्त्र

इतरांच्या प्रत्यक्ष किंवा मनात गृहीत धरलेल्या उपस्थितीमुळे एका माणसाचे विचार, भावना आणि वागणे कसे बदलते, याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. समाजशास्त्र संस्था आणि रचना पाहते. सामाजिक मानसशास्त्र त्या रचनेत वावरणाऱ्या व्यक्तीकडे पाहते आणि शक्य तेथे प्रयोग करते. विद्यापीठात त्याची मूलतत्त्वे साधारण ठरलेल्या क्रमाने येतात: इतरांविषयीचे आकलन, अभिवृत्ती, पूर्वग्रह, अनुरूपता, आज्ञापालन, गटातले वर्तन. या क्रमाबद्दल तक्रार नाही. अडचण उदाहरणांची आहे. पुण्यातला विद्यार्थी येल आणि स्टॅनफर्ड येथील प्रयोग सनावळीसह पाठ करतो. पण मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे कोळवण खोऱ्यात तेच प्रश्न शेतकऱ्यांनी आपल्या परीने सोडवले आहेत, याची गंधवार्ताही त्याच्या अभ्यासक्रमात नसते. प्रयोगाची शिस्त आणि स्वतःच्या समाजातली सामग्री ही दोन्ही पहिल्या पाठापासून बरोबरीने शिकवली, तरच विषय हाती लागतो.

हा विषय इकडच्या मातीला परका आहे, असेही नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. एका वर्गाने आपली दारे बंद करून घेतल्यावर ती रीत इतरांत कशी पसरली, हे सांगताना त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच अभ्यासकाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला: प्रतिष्ठितांचे अनुकरण होते, आणि जो जितका जवळ तितके ते अधिक होते. त्याच १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी पुढे राधाकमल मुखर्जींबरोबर सामाजिक मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले; ते १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. जातीच्या प्रश्नावर सामाजिक मानसशास्त्राची दृष्टी एका मराठी विचारवंताने इतक्या आधी लावली असताना, पूर्वग्रहाचा पाठ अमेरिकेतील वंशभेदापासून सुरू करून तिथेच संपवणे ही मोठी उणीव आहे.

गटातल्या कामाचा प्रश्न सर्वांत जुना. नॉर्मन ट्रिपलेटने १८९८ मध्ये दाखवले, की सोबत कोणी असले की अनेक मुले गळाचे रीळ अधिक वेगाने फिरवतात. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याला उलटे दिसले. माणसे मिळून दोर ओढू लागली की संख्या वाढेल तसा प्रत्येकाचा जोर घटत जातो. आठ जण ओढत असतील तर दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. बिब लताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हेच टाळ्या आणि आरोळ्यांच्या बाबतीत तपासले. ही घट काही अंशी ताळमेळ चुकल्यामुळे होते, पण काही अंशी माणसे खरोखरच अंग चोरतात. प्रत्येकाचे काम वेगळे मोजले जाणार असे कळले, की अंग चोरणे कमी होते.

हा निष्कर्ष कोळवण खोऱ्याच्या संदर्भात वाचला की त्याला अर्थ येतो. हा भाताचा मुलूख. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर रोपे टाकायची, पाऊस लागला की खाचरात चिखलणी करून लावणी उरकायची. लावणीचे दिवस थोडे असतात आणि काम एका घराच्या आवाक्याबाहेरचे असते. सह्याद्रीच्या भातपट्ट्यात यावर सावडीची तोड निघाली: आज एका घराच्या खाचरात सगळ्यांनी राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, मात्र हातांचा हिशेब चोख. लावणी करणारे ओळीने वाकून मागे सरकत जातात. ज्याचा हात मंद, त्याच्या वाट्याची जागा रिकामी राहते आणि ती सगळ्यांना दिसते. लतानेंनी प्रयोगशाळेत जे घडवून आणले, ते इथे कामाच्या रीतीतच आहे: प्रत्येकाचा वाटा दिसतो, आणि परतफेड ठरलेली असते. इर्जिक याहून वेगळी. तिच्यात बोलावणाऱ्याने जेवण घालायचे आणि आलेल्यांनी एका दिवसात काम उरकून द्यायचे. परतफेडीचा काटेकोर हिशेब तिथे नसतो. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये देवघेवीचे संबंध आणि आपुलकीचे संबंध असा फरक मांडला. सावड आणि इर्जिक शेजारी शेजारी ठेवून तो दहा मिनिटांत समजावता येतो. आता जमिनी विकल्या गेल्या, बंगले उभे राहिले, तरुण पिरंगुटच्या कारखान्यांत जाऊ लागले, मजूर रोखीने येऊ लागले. सावड मोडते तेव्हा गावातल्या विश्वासाचे काय होते, हा प्रश्न प्रबंधाच्या तोलाचा आहे.

भातशेतीचा मनाशी संबंध जोडणारे एक संशोधन प्रसिद्ध आहे. टॉमस टॅलहेल्म आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधील १,१६२ विद्यार्थ्यांची तुलना केली. आगगाडी, बस आणि रूळ यांतल्या कोणत्या दोन वस्तू एकत्र ठेवाल, अशा धर्तीचे प्रश्न होते. भात पिकवणाऱ्या प्रांतांतले विद्यार्थी आगगाडी आणि रूळ यांसारख्या परस्परसंबंध असलेल्या जोड्या अधिक निवडत; गव्हाच्या प्रांतांतले विद्यार्थी एका प्रकारात मोडणाऱ्या वस्तू निवडत. भाताला श्रम जास्त लागतात आणि पाणी वाटून घ्यावे लागते, म्हणून परस्परावलंबनाची सवय लागते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुणे जिल्ह्यात ही परीक्षा घरबसल्या घेता येईल: पश्चिमेला मुळशी-मावळचे भात, पूर्वेला इंदापूर-शिरूरची ज्वारी-बाजरी. पण ती घेताना चिनी स्पष्टीकरण जसेच्या तसे उचलणे चूक ठरेल. मुळशीतले भात मुख्यतः पावसावरचे आहे. उतारावरच्या खाचरात पाणी वरच्या बांधावरून खालच्या खाचरात उतरते, त्यामुळे वरचा आणि खालचा शेतकरी एकमेकांना बांधलेले असतात. पण हे बंधन कालव्याच्या पाळीसारखे नाही. असा फरक करता येणे हीच विद्यार्थ्याची खरी परीक्षा. भूजलाचेही तसेच. कोळवण खोऱ्यात गोमुख संस्थेने पाणलोटाचे काम केले आणि अॅक्वाडॅम या संस्थेने इथल्या भूजलाचा अभ्यास केला. जमिनीखालचे पाणी कोणी किती उपसले ते डोळ्यांना दिसत नाही. लावणीत जे अंग चोरणे उघडे पडते, ते विहिरीत झाकलेलेच राहते.

अनुरूपतेच्या पाठात सॉलोमन अॅश यांचा १९५१ चा प्रयोग अटळ आहे. रेषांची लांबी उघड दिसत असताना सोबतचे सगळे चुकीचे उत्तर देतात, आणि खऱ्या सहभागीची उत्तरे सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जातात. एक जण जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण झपाट्याने घसरते. पण अॅशच्या विद्यार्थ्याचे नुकसान काय होणार होते? थोडे अवघडलेपण, एवढेच. महाराष्ट्रात जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाशी बोलणे बंद होते, सोयरीक तुटते, मयतीला खांदा मिळत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. अनुरूपतेची किंमत एवढी असेल, तेव्हा मान तुकवणारा माणूस दुबळा आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. वर्तनाचे कारण स्वभावात शोधायचे आणि परिस्थिती विसरायची, ही चूक हेच शास्त्र आपल्याला दाखवून देते.

अफवेचा पाठ तर भारतातच सुरू होतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर शोधनिबंध लिहिला. धक्का बसला पण फारसे नुकसान झाले नाही, अशा भागात याहून भयंकर काही येणार असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. हे कोडे सोडवताना लिऑन फेस्टिंगर यांना बोधनिक विसंगतीची कल्पना सुचली: लोक आधीच घाबरले होते, आणि त्या भीतीला शोभेल असे कारण त्यांना हवे होते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार मारले. तिथली भीती कुठून आली आणि भिक्षा मागत फिरणारेच तिचे धनी का झाले, हे समजून घ्यायला प्रसाद आणि पूर्वग्रहावरचे संशोधन दोन्ही लागतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्गात ही घटना वगळून हा पाठ पुरा होऊ नये.

स्थानिक उदाहरणे आली म्हणून पद्धत सैल होत नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या शंभर प्रयोगांची पुनरावृत्ती केली तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच मूळ निष्कर्षाला दुजोरा मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्राचे प्रमाण त्याहून कमी होते. स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंग-प्रयोग आज मुख्यतः सदोष आखणीचा नमुना म्हणून शिकवावा लागतो. गावातला एखादा किस्सा त्याहून भरवशाचा असतो, असे मुळीच नाही. किस्सा प्रश्न सुचवतो. उत्तरासाठी तुलना, मोजमाप आणि खोटे ठरण्याची तयारी लागते.

क्षेत्रकार्याची एक अडचण मात्र पाठ्यपुस्तकांत दुय्यम मानली जाते, ती कोळवणसारख्या गावात मुख्य होऊन बसते. प्रश्नावली घेऊन विद्यार्थी ओसरीवर बसला, की शेजारी जमतात. सासऱ्यांसमोर सून, सरपंचांसमोर भावकीतला माणूस आणि वरच्या आळीतल्यांसमोर खालच्या आळीतली बाई जे सांगते, ते एकांतातल्या उत्तराहून वेगळे असू शकते. नाव वगळले तरी चार घरांच्या वाडीत कोण बोलले हे लपत नाही, म्हणून गुप्ततेचे वचन देताना ते पाळता येईल का याचा विचार आधी करावा लागतो. ओसरीवरचे उत्तर टाकाऊ नसते. इतरांच्या उपस्थितीचा परिणाम हाच तर विषय आहे. म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी आणखी एक रकाना हवा: विचारताना तिथे कोण कोण होते, आणि उत्तर देण्याआधी देणाऱ्याने कोणाकडे पाहिले.