अडकलेली गोळी आणि पाच कारणं

पिस्तूल अडकलं की नेमबाजाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : "गोळी खराब की पिस्तूल खराब?" मी कोल्हापुरात मुलींना २५ मीटर पिस्तूल शिकवते. राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि तेव्हापासून इथल्या घराघरांत हा खेळ ओळखीचा झाला. मुलींबरोबर पालकही येतात आणि हाच प्रश्न विचारतात. परदेशी काडतुसं महाग, पिस्तूल तर त्याहून महाग. पैसे कशात वाया गेले ते त्यांना कळायला हवं असतं. पण हा प्रश्न मला मुळातच चुकीचा मांडलेला वाटतो. आणि तो रेंजपुरता राहत नाही. परीक्षेचा निकाल, दुखणं, मोडलेलं लग्न, सगळीकडे आपण असंच विचारतो : दोष याचा की त्याचा?

आमच्या पिस्तुलात .२२ लाँग रायफल हे काडतूस चालतं. गोळी शिशाची, साधारण २.६ ग्रॅम वजनाची, वरून मेणाचं किंवा चरबीचं वंगण. पुंगळीच्या बुडाच्या काठात स्फोटक मसाला असतो. फायरिंग पिन त्या काठावर आपटते, दारू पेटते, वायू गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. त्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये सारते. डोळ्यांचं पातं लवायच्या आत हे सगळं घडतं. ते नीट घडायला काडतुसाचा जोर आणि स्प्रिंगचा ताण यांचा मेळ बसावा लागतो.

रेंजवर ईले, लापुआ, आरडब्ल्यूएस, सीसीआय अशी अनेक नावं वापरात असतात. आता असं समजा, की त्यातलं एक मऊ, म्हणजे कमी जोराचं, काडतूस एका मुलीच्या पिस्तुलात दिवसभर विनातक्रार चाललं. शेजारच्या लेनवर नवं पिस्तूल आहे, स्प्रिंग अजून कडक आहे. तिथे तेच काडतूस स्लाइडला अर्ध्यावरच सोडतं आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. दुसरं, जास्त जोराचं काडतूस या नव्या पिस्तुलात छान चालतं, पण त्याचं वंगण दाट आहे. थंडीच्या सकाळी ते चेंबरच्या तोंडाशी साचतं आणि काही मालिकांनंतर काडतूस आत जाताना अडखळतं. मऊपणा हा काडतुसाचा दोष म्हणावा, तर पहिल्या लेनवर तोच गुण होता. कडकपणा हा स्प्रिंगचा दोष म्हणावा, तर जोराच्या काडतुसाला तीच स्प्रिंग हवी होती. काडतूस एकटं तपासा, निर्दोष. पिस्तूल एकटं तपासा, निर्दोष. दोष दोघांच्या भेटीत आहे.

कॉलेजात संस्कृत घेतल्यामुळे न्यायशास्त्राशी माझी ओळख झाली, आणि बिघाड शोधताना आजही मला त्याचाच आधार वाटतो. नैयायिक म्हणतात, कार्य एकट्या कारणाने होत नाही, सामग्रीने होतं. मडक्याला माती हवी, चाक हवं, दंड हवा, कुंभार हवा. यातलं काही कमी पडलं तर मडकं होत नाही. कारण ओळखण्याची रीतही ते देतात, अन्वय आणि व्यतिरेक : हे असताना ते घडतं का, आणि हे नसताना ते थांबतं का?

माझ्या मुलींच्या वहीत याच रीतीने नोंदी असतात. काडतुसाची कंपनी, लॉट, मॅगझिनचा क्रमांक, हवा, आणि बिघाडाचा प्रकार : काडतूस आत गेलं नाही, पुंगळी निघाली नाही, की पिन आपटूनही गोळी सुटली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कंपनी तीच, मॅगझिन दुसरं. मग मॅगझिन तेच, कंपनी दुसरी. बिघाड मॅगझिनबरोबर फिरत असेल तर त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरणारे वरचे काठ, वाकलेत का ते पाहायचं. कंपनीबरोबर फिरत असेल तर जोर आणि वंगण पाहायचं. आणि दोन्ही बदलूनही तो त्याच हातात राहत असेल, तर मनगट सैल पडतंय का ते पाहायचं. पिस्तूल घट्ट धरलेलं नसेल तर धक्क्याचा काही भाग हातच खातो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही.

याच शास्त्राने एक इशाराही दिला आहे. विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात 'अन्यथासिद्ध' गोष्टींची यादी येते. कार्याच्या वेळी त्या हजर असतात, पण कारण नसतात. माती वाहून आणणारं गाढव त्यातलंच. ते अंगणात उभं होतं म्हणून मडकं घडलं असं कुणी म्हणत नाही. रेंजवर मात्र अशी गाढवं फार जमतात : शनिवारचा सामना, बदललेला रुमाल, निघताना कुणी मागून मारलेली हाक. वहीत त्यांनाही जागा द्या म्हणून मी सांगते. व्यतिरेक लावला की ती आपोआप गळून पडतात. श्रद्धेचा त्याने अपमान होत नाही. देवाला रुमालात कोंडणं हाच खरा अपमान.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्या मुलीची. ती गोळीला बोल लावत नाही, पिस्तुलाला लावत नाही. ती म्हणते, "मॅडम, मीच अशी आहे. माझ्या हातात काही टिकत नाही." घरचे याला नम्रपणा समजतात. मला तो नम्रपणा वाटत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. माणूस योग्य करो की विपरीत, कारणं हीच पाच. आणि असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची दृष्टी अजून घडलेली नाही, असं पुढे म्हटलं आहे. शंकराचार्य इथून आत्म्याच्या अकर्तेपणाकडे जातात. माझी झेप तिथवर नाही. पण विपरीत कर्मही याच पाचांत येतं, ही गोष्ट मी घट्ट धरून ठेवते. आपण हा उपदेश यशाच्या वेळी आठवतो : पदक मिळालं तरी मी केलं म्हणू नकोस. अपयशाच्या वेळीही तो तितकाच लागू आहे. "सगळं माझ्यामुळेच बिघडलं" म्हणणारी मुलगीही स्वतःला एकटीच कर्ती मानते आहे. तोही अहंकारच, फक्त रडका.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का? कारणं पाच आहेत म्हटलं की हात झटकायला वाट मिळते, हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर मला आमच्या खेळाच्या नियमांत सापडलं. सामन्यात पिस्तूल अडकलं तर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट पाहायची. त्यांनी पाहण्याआधी यंत्रणेला हात लावला तर बिघाड ग्राह्य धरत नाहीत. सेफ्टी काढायची राहिली, काडतुसं कमी भरली, तरीही नाही, आणि न सुटलेल्या गोळ्यांना शून्य मिळतं. पुंगळी अडकली किंवा पिन आपटूनही काडतूस पेटलं नाही, आणि तुम्ही त्याला हात लावला नाही, तर बिघाड ग्राह्य असतो आणि पुन्हा संधी मिळते. नियम वाटा ठरवून देतो : इथपर्यंत तुझं, इथून पुढे तुझं नाही.

काडतूस पेटत नाही तेव्हा काही वेळा बुडाच्या काठात त्या जागी मसालाच पोहोचलेला नसतो. सरावात, पुरेसा वेळ थांबून, तेच काडतूस फिरवून पुन्हा घातलं तर कित्येकदा सुटतं. मसाल्याची ती उणीव बाहेरून कुणाला दिसली नसती. पाचवं कारण मी याला म्हणते. त्यालाही कारण आहेच, पण ते फायरिंग लाइनवर उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात नव्हतं. म्हणून दैवाचं नाव शेवटी घ्यायचं, बाकीची चार तपासून झाल्यावर. ते आधी घेतलं तर आळस होतो. आणि चार तपासूनही घेतलं नाही, तर माणूस स्वतःला नाहक जाळत राहतो.

टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं जिंकली. तिच्या मनात काय चाललं होतं हे सांगायचा अधिकार मला नाही. पण माझ्या मुलींना मी तिचं नाव घेऊन सांगते : चेंबर स्वच्छ ठेवणं तुझं, मॅगझिन तपासणं तुझं, आपल्या पिस्तुलाला मानवणारं काडतूस सरावात शोधून सामन्याला त्याच लॉटचं घेऊन जाणं तुझं, मनगट तुझं, हात वर करून थांबणंही तुझं. गीतेच्या पाचातलं हे एक कारण, कर्त्याचं, पूर्ण निभाव. उरलेल्या चारांचं ओझं उचलायला तुला कुणी सांगितलेलं नाही, आणि गीतेने तर नाहीच नाही.