कापणीपर्यंत थांबा



आयपीएल सुरू होण्याआधीच कोण जिंकणार, कोण हरणार हे आपण छातीठोकपणे सांगतो. २०१६ साली आपला पुण्याचा संघ आठ संघांत सातवा आला. २०१७ मध्ये पहिल्या ४ सामन्यांपैकी ३ हरला, तेव्हा ‘यंदाही तेच’ म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळाला. पण त्याच संघाने साखळीत दुसरे स्थान मिळवले आणि अंतिम सामना अवघ्या १ धावेने गमावला.

खेळातले भाकीत चुकले तर हसून सोडून देता येते. माणसाविषयीचे भाकीत मात्र त्याच्या पायात बेडी घालते. ‘हा दारू सोडणार नाही’, ‘ही नापासच होणार’ असे घरातच रोज ऐकणाऱ्याने उभे राहावे कसे?

प्रभू येशूच्या दाखल्यात (मत्तय १३:२४-३०) नोकर निदण लगेच उपटायला निघतात. धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. निवाडा आहेच; पण तो कापणीच्या वेळी आणि धन्याच्या हाती.

ज्याच्याविषयी आपण निकाल देऊन बसलो आहोत, त्याच्यासाठी आज मिस्सामध्ये प्रार्थना करू या आणि घरी जाऊन त्याच्याशी आशेचा एक शब्द बोलू या.