नडगीतली वाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि उर्से हे मावळातलं गाव टोलनाक्यामुळे राज्यभर माहीत झालं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. ती धावते वडगाव-तळेगावच्या जुन्या महामार्गावर. तिथे मोटारीची धडक बसली तर बंपरच्या उंचीवर नेमकी नडगी असते. पुढून आतल्या बाजूला तिच्यावर नुसती कातडी, मांसाचं पांघरूण नाही. म्हणूनच मोडलेलं हाड सहज बाहेर येतं आणि सावकाश जुळतं.

अशा मोडीवर शस्त्रक्रिया झाली की ‘पायात रॉड टाकला’ एवढंच आपण घरी सांगतो. हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची ही रीत गेरहार्ड क्युन्चर यांनी 1939 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात मांडीच्या हाडावर सुरू केली. नडगीचं दुखणं वेगळं. मधे तिची पोकळी अरुंद, तिथे खिळा आपोआप सरळ बसतो. गुडघ्याजवळ मात्र ती फुगलेली, खिळ्याला धरायला भिंतच नाही. त्यात गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध वरचा तुकडा पुढे ओढतो. अशा वेळी सगळं ठरतं ते पहिल्या छिद्रावर. शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर समोरून पाहताना ते नडगीच्या माथ्यावरच्या बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित आत, आणि बाजूने पाहताना सांध्याच्या पृष्ठभागाच्या अगदी पुढच्या कडेला हवं. ते थोडं आतल्या बाजूला सरकलं तरी खाली हाड वाकतं. 5 अंशांपेक्षा जास्त बाक सहसा पत्करत नाहीत.

भिंत नसेल तर ती उभी करायची, हा सर्जन क्रेटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. खिळा ज्या बाजूला घसरेल तिथे आधीच एक आडवा स्क्रू बसवायचा. या स्क्रूंना ‘पोलर’ म्हणतात. वाहनं अडवायला रस्त्यात रोवतात त्या खुंटांचं हे जर्मन नाव. खिळ्याला वाट एकच उरते.

एक्स-रे सरळ आला की आपण निश्चिंत होतो. पण या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि खिळ्याचं टोक हाडाबाहेर राहिलं तर ती वाढते. खुर्चीत बसणाऱ्याला ती सोसेल. मावळात भाताच्या बांधावर उकिडवं बसणाऱ्या, जेवायला मांडी घालणाऱ्या, देवापुढे गुडघे टेकणाऱ्या माणसाला ती रोज छळेल. खिळा किती खोल बुडवायचा हे ठरवण्याआधी सर्जनने पेशंटला विचारायला हवं: तुम्ही घरात कसे बसता?