बार्शीत सिद्ध झाले, सोलापुरात कळले का?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ हे जगभरचे डॉक्टर प्रमाण मानतात असे नियतकालिक. त्याच्या २ एप्रिल २००९च्या अंकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक शोधनिबंध आला. अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचा होता. प्रत्यक्ष काम केले सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या आणि लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने. गावांचे ५२ गट पाडले होते आणि त्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. उरलेल्या गटांत तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती.

निष्कर्ष असा निघाला की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांच्यापैकी एकही स्त्री पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने दगावली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, तिच्यामागच्या पुराव्यांत बार्शीचा हा पुरावा महत्त्वाचा आहे.

आता २०१९ ते २१मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा पाहा. देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के. आणि २०२२च्या अंदाजानुसार या रोगाने भारतात वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात स्त्रिया मरतात. आपल्याच मातीत सिद्ध झालेली गोष्ट आपल्याच दवाखान्यांपर्यंत का पोहोचत नाही, हा मला या काळातला वैद्यकाचा कळीचा प्रश्न वाटतो.

डॉक्टरपर्यंत नवे ज्ञान येते कसे, ते पाहिले तर उत्तराचा धागा हाती लागतो. सोलापुरात मुरारजी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत कुठल्याही दवाखान्यात दुपारची ओपीडी सरत आली की बाकावर पेशंटांच्या शेजारी औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, बसलेले दिसतात. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात गुळगुळीत कागदावरचा आलेख, मधुमेहाच्या नव्या गोळीचे नाव आणि सँपलची पट्टी टेबलावर येते. या मंडळींना मी दोष देत नाही. ऊन-पाऊस न पाहता जिल्हाभर फिरणारा हा माणूस नसता, तर करमाळ्या-मंगळवेढ्याच्या कितीतरी डॉक्टरांना नवे औषध कळलेही नसते. पण तो सांगणार ते कंपनी विकते तेच. ज्या गोष्टीला विकणारा नाही, ती त्या टेबलावर कधी येत नाही.

ॲसेटिक आम्लाच्या तपासणीचेच घ्या. तीन ते पाच टक्क्यांचे द्रावण, कापसाचा बोळा, चांगला उजेड. बोळा गर्भाशयमुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. तिथे दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटला तर पुढची तपासणी. प्रशिक्षित एएनएम परिचारिका हे काम करतात, बार्शीच्या प्रकल्पात ते त्यांनीच केले. या बोळ्याचे माहितीपत्रक कोणती कंपनी छापणार? आणि ‘सात-आठ वर्षे पुन्हा तपासणी नको’ असे सांगणाऱ्या चाचणीचा प्रचार करण्यात कुणाला रस असणार?

मात्र नवे ज्ञान पोहोचवायचे म्हणजे मथळे पोहोचवायचे नव्हेत. बार्शीच्या अभ्यासात ॲसेटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यास खरे आहेत. एकदाच करायची असेल तर एचपीव्ही चाचणी, ती नसेल तर ॲसेटिक आम्लाची तपासणी पुन्हा पुन्हा, चांगल्या प्रशिक्षणासह, असा त्यांचा एकत्रित अर्थ मी लावतो. पण असा अर्थ लावायला डॉक्टरला कुणीतरी बसवून, दोन्ही बाजू मांडून, प्रश्न विचारू देऊन सांगावे लागते.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाने डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या सभांना हजेरी लावून तीस क्रेडिट गुण मिळवावे लागतात. नियम योग्य आहे, पण तो हजेरी मोजतो. विषय कोण ठरवतो आणि खर्च कोण करतो, यावर ज्ञानाचा दर्जा ठरतो. केंद्राने मार्च २०२४मध्ये औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आणून भेटवस्तू आणि परदेशातली अधिवेशने यांवर बंधने घातली, हे बरे झाले. तरी रिकामी झालेली जागा भरायला सरकारी यंत्रणा पुढे आली नाही. शिवाय खेड्यातली बाई पहिल्यांदा ज्याच्याकडे जाते तो डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याचे कौन्सिल वेगळे, म्हणून ॲलोपॅथीच्या सभेचे निमंत्रण त्याला नसते.

या अज्ञानाची किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला. तिथे ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाड्याचा दंड, डोक्यावरची उचल, मुकादमाचा धाक, खासगी दवाखान्यांची कमाई अशी कारणे अनेक होती. पण अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली आहे, उद्या कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकवले जात होते, असे त्या बायकांनीच सांगितले. बीड धाराशिवला लागून आहे. ज्या बाईत एचपीव्ही नाही तिला पुढची कित्येक वर्षे या कर्करोगाची धास्ती नाही, हे शेजारच्या जिल्ह्यात दहा वर्षे आधी सिद्ध झाले होते. एका नकारात्मक रिपोर्टने किती पिशव्या वाचल्या असत्या!

लशीचेही तसेच. २००९मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशातल्या अनेक केंद्रांवर एचपीव्ही लशीचा अभ्यास सुरू झाला, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहायला. दुसऱ्याच एका प्रकल्पात आंध्र आणि गुजरातेत काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण मुलींची संमती कशी घेतली यावरून वादळ उठले आणि एप्रिल २०१०मध्ये सरकारने लसीकरण थांबवायला लावले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले की त्या एका डोसनेही विषाणूच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळते. अशा पुराव्यांवरच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये नऊ ते वीस वयाच्या मुलींसाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. मुलीच्या लशीचा खर्च ऐकून परत फिरणाऱ्या विडी कामगार आईला हे सांगायला नको का?

बार्शीच्या निबंधातल्या त्या ६४ मृत्यूंवर पुढे कडक टीका झाली. तपासणीने जीव वाचू शकतात हे ठाऊक असताना एका गटाला तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप होता. तो मला गंभीर वाटतो. आणि म्हणूनच त्या बायकांच्या जिवावर मिळालेले ज्ञान कपाटात ठेवणे हा दुसरा अन्याय आहे.

उपाय बार्शीनेच दाखवलेला आहे. १९८७मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन लक्षणांविषयी बोलू लागले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. काही वर्षांत बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचे नोंदणीत दिसले. माहिती नीट पोहोचवणे हाच तिथे उपचार ठरला.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने महिन्यातून एक दिवस यासाठी द्यावा. कंपनीचा पैसा घेऊ नये. मराठीत बोलावे, बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर, एएनएम आणि आशा यांनाही बोलवावे, आणि कोणत्या केंद्रात कोणती तपासणी होते याची यादी प्रत्येकाच्या हातात द्यावी. आणि तिशी उलटलेल्या वाचक भगिनींनी पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने डॉक्टरांकडे गेल्यावर ‘माझी एचपीव्हीची तपासणी कुठे होईल?’ हे विचारावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.